मदत उशिरा, गुंतवणूक अपुरी : घाटंजीहून दिसणारी विषमता

यवतमाळहून दक्षिणेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर घाटंजी. वाघाडी नदीच्या काठचे तालुक्याचे गाव, कापसाची बाजारपेठ. एका अंगाला टिपेश्वरचे जंगल, दुसऱ्या अंगाला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. तालुक्यात कुणब्यांची गावे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत, गोंडांच्या वस्त्या आहेत आणि कोलामांचे पोड आहेत. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिम जमाती मानले, त्यांत कातकरी आणि माडियांच्या बरोबरीने कोलाम येतात. पाऊस म्हणाल तर साधारण ९०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे हा माणदेशासारखा दुष्काळी मुलूख नव्हे. पाणी येते, वाघाडीतून आणि पैनगंगेतून वाहून जाते, आणि सप्टेंबरअखेर पाऊस मागे फिरला की बोंडे भरण्याच्या ऐन वेळी पऱ्हाटी माना टाकते.

आर्थिक विषमतेची चर्चा सहसा मुंबईच्या उंच इमारतींपासून सुरू होते. ती खोटी नाही. थॉमस पिकेटी यांच्यासह चार अभ्यासकांनी मार्च २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा होता. उत्पन्नाच्या वाट्याचे तर शंभर वर्षांच्या आकडेवारीतले हे सर्वांत वरचे टोक. पण विषमतेचे दुसरे टोक घाटंजीसारख्या तालुक्यात आहे आणि ते अधिक बारकाईने पाहावे लागते. कारण इथे सरकारचा पैसा आलाच नाही असे नाही. पॅकेजे आली, कर्जमाफ्या आल्या, अनुदाने आली. तरी ओलिताचे वावर आणि कोरडवाहू वावर यांतली दरी बुजली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की इथे पैसा नुकसान झाल्यावर मदत म्हणून आला. नुकसान होऊ नये यासाठी गुंतवणूक म्हणून फार थोडा आला, आणि जो आला तो तालुक्यापर्यंत मोजला गेला नाही.

या भागातली पहिली मोठी गुंतवणूक परक्यांची होती. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले ते त्याच्या थकबाकीपोटी, पण त्यांची नजर काळ्या जमिनीवर आणि तिच्यातल्या कापसावरही होती. १९०३ मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे धावू लागली. लोक तिला शकुंतला म्हणत. तिची मालकी किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीच्या घराण्यातली, आणि देशातल्या बाकीच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी ही मालकी तशीच राहिली. रूळ घातले होते कापूस बंदराकडे नेण्यासाठी. सरकीचे तेल, सूत, कापड, त्यातली मजुरी आणि नफा या जिल्ह्यात राहावा असे काही त्या आराखड्यात नव्हते. शंभराहून अधिक वर्षांनी ही गाडीही थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला २००८-०९ च्या सुमारास मंजुरी मिळाली. त्यातला वर्धा-कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. ही नवी रेल्वे दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड अशी जिल्ह्याच्या पश्चिम अंगाने जाणार आहे. घाटंजी तिच्या वाटेवर नाही.

राज्य पातळीवर या प्रश्नाचे नाव अनुशेष. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधीचे आश्वासन दिले. पुढे राज्यघटनेच्या ३७१(२) कलमात विकास मंडळांची तरतूद आली. पण प्रत्यक्ष मोजमाप व्हायला १९८३ उजाडले. त्या वर्षी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर होते, नीलकंठ रथांबरोबर भारतातील दारिद्र्यावर मूलभूत काम केलेले. १९८४ च्या त्यांच्या अहवालात एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपयांचा निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या वर होता. दांडेकरांची रीत सोपी आणि निर्भीड होती. रस्ते, ओलीत, वीजपंप, शाळा, दवाखाने अशी एकेक बाब घ्यायची, राज्याची सरासरी काढायची, आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याची तूट म्हणजे त्याचा अनुशेष. योजनेतला ८५ टक्के पैसा ही तूट भरण्याला द्यावा, असे त्यांनी सुचवले. ते तसे झाले नाही. १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर दुसऱ्या समितीने पुन्हा मोजले तेव्हा अनुशेष १४,००६ कोटींवर गेला होता आणि विदर्भाचा वाटा ४७ टक्क्यांच्या वर. दहा वर्षांत खड्डा बुजण्याऐवजी रुंदावला.

इथे या मोजणीचा एक दोष नोंदवायला हवा, कारण घाटंजीवर अन्याय होतो तो याच फटीतून. मोजणीचा घटक जिल्हा होता. अलीकडच्या वर्षांत सिंचनाचा जो भौतिक अनुशेष सांगितला जातो, तो मुख्यतः अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या चार जिल्ह्यांचा. यवतमाळ त्या यादीत दिसत नाही. पुसदकडे पूस प्रकल्प, दिग्रसकडे अरुणावती, बाभूळगावकडे बेंबळा, वरच्या अंगाला पैनगंगेचे इसापूर धरण. यांची क्षमता जिल्ह्याच्या नावे लिहिली की जिल्हा सरासरीला पोहोचतो. घाटंजी, केळापूर, झरी, मारेगाव हा दक्षिण-पूर्वेचा पट्टा मात्र त्या सरासरीच्या सावलीत झाकला जातो. शिवाय ही मोजणी ‘निर्मित क्षमते’ची. कालव्यातून पाणी शेवटच्या चारीपर्यंत गेले की नाही, हे तिच्यात येत नाही. दांडेकरांच्या काळात तालुकानिहाय आकडे जमवणे अवघड होते, हे मान्य. आज प्रत्येक सातबारा संगणकावर आहे, पीकपेऱ्याची नोंद मोबाइलवरून होते. आता जिल्ह्याच्या सरासरीवर थांबायला काही सबब उरलेली नाही.

पैसा खर्च झाला आणि पाणी आले नाही, ही तक्रार केवळ विदर्भाची नाही. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीने दाखवून दिले की दशकभरात ओलिताखालचे क्षेत्र १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर आले, आणि त्याच काळात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्ची पडले होते. नोव्हेंबर २०१२ ची श्वेतपत्रिका, नंतरची चितळे समिती, चौकश्या, खटले हे सगळे त्यातून आले. सार्वजनिक गुंतवणुकीच्या विरोधकांच्या हाती यामुळे मोठे हत्यार सापडले: सरकारला पैसा देऊ नका, तो मुरतो. या आक्षेपाला बगल देऊन पुढे जाता येणार नाही.

घाटंजीच्या माणसांना या आक्षेपाचा अर्थ पैनगंगेच्या काठावर समजतो. आर्णी-घाटंजीच्या परिसरात पैनगंगेवर निम्न पैनगंगा हे मोठे धरण योजले आहे. १९९७ मध्ये सुमारे १,४०० कोटींच्या खर्चाला मंजुरी मिळाली, २००९ च्या सुधारित अंदाजात तो दहा हजार कोटींच्या वर गेला. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आणि तेलंगणा मिळून दोन लाख हेक्टरांहून अधिक जमीन ओलिताखाली येईल, असे सांगितले जाते. पण विदर्भ-मराठवाड्याच्या दोन्ही काठांवरची नव्वदहून अधिक गावे त्यात बुडतात. त्यांत आदिवासींची गावे आहेत, गाळाच्या जमिनी आहेत. धरणविरोधी संघर्ष समिती वर्षानुवर्षे सांगते आहे की ओलीत एकाला आणि बुडीत दुसऱ्याला, असा हा सौदा आहे. पाण्याची गरज खरी आहे, म्हणून प्रश्न सोपा होत नाही. ज्या भागात गुंतवणूक कमी म्हणून आपण रडतो, त्याच भागातल्या सर्वांत दुबळ्यांना उठवून गुंतवणूक करायची असेल, तर तिला विषमता कमी करणारी गुंतवणूक कसे म्हणायचे? मला स्वतःला असे वाटते की लहान साठे, नाले, विहिरी आणि जुन्या प्रकल्पांची डागडुजी यांचा पुरता हिशेब मांडल्याशिवाय बुडिताचा निर्णय पुढे रेटू नये.

आता मदतीकडे वळू. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने वर्धा जिल्ह्यात जाऊन सामूहिक आत्महत्या केली. पुढे नव्वदच्या दशकाअखेरपासून यवतमाळ जिल्हा आत्महत्यांच्या बातम्यांनी देशभर ओळखला गेला. डिसेंबर २००५ मध्ये राज्याचे १,०७५ कोटींचे पॅकेज आले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातले २,१७७ कोटी सिंचनाला आणि ७१२ कोटी थकीत व्याजाच्या माफीला होते. कागदावर पाहिले तर त्यात गुंतवणुकीचा भाग मोठा होता. पण जोडधंदा म्हणून ज्या दुधाळ गाई-म्हशी वाटल्या, त्यांची गत काय झाली हे इथल्या जुन्या माणसांना विचारा. वैरण नाही, ओलीत नाही, दूध घ्यायला संकलन केंद्र नाही, आणि दारात रोज पेंड मागणारे जनावर. अनेकांनी ते विकून टाकले. गाय ही गुंतवणूक केव्हा ठरते? तिच्यामागे पाणी, चारा, पशुवैद्य आणि बाजार असेल तेव्हा. ते उभे करण्याचे काम सार्वजनिक, आणि तेच वगळले गेले.

२००८ ची केंद्राची कर्जमाफी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण मिळाली, त्यावरच्यांना एकरकमी परतफेडीवर पंचवीस टक्के सवलत. पश्चिम महाराष्ट्रातला दोन हेक्टर ओलिताचा ऊस आणि घाटंजीकडचे तीन हेक्टर मुरमाड कोरडवाहू रान यांना जमिनीच्या मर्यादेची एकच फूटपट्टी लावली. इकडचा तीन हेक्टरवाला उत्पन्नात तिकडच्या एक हेक्टरवाल्याच्या मागे असतो, तरी तो ‘मोठा शेतकरी’ ठरला. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा फुले योजना यांत अटी बदलल्या, पण एक गोष्ट कायम राहिली. बँकेचे कर्ज ज्याच्या नावावर, माफी त्याला. मक्त्याने किंवा बटईने वावर करणारा, सावकाराकडे सोने गहाण टाकून बियाणे आणणारा, दुसऱ्याच्या पऱ्हाटीत वेचणीला जाणारी बाई, यांच्या नावे बँकेत काहीच नसते. माफीची मागणी चुकीची होती असे मी म्हणत नाही. आटलेल्या घराला श्वास घ्यायला ती लागते. पण माफी संपली की शेत तेच असते, विहीर नसते, भाव बाजाराच्या हाती असतो, आणि पुढची थकबाकी तिसऱ्या वर्षी पुन्हा उभी राहते.

भावाचे जवळून पाहू. दिवाळीच्या तोंडावर पहिली वेचणी घरात येते. सीतादहीची पूजा होते, घरात पांढरे ढीग लागतात, आणि त्याच आठवड्यात मुलांचे कपडे, मजुरांची देणी, कृषिकेंद्राची उधारी हे सगळे दारात उभे राहते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण पहिल्या वेचणीचा कापूस ओला असतो, आणि बारा टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर भारतीय कापूस महामंडळ तो घेत नाही. नोंदणी मोबाइलवर, सातबारा स्वतःच्या नावाचा, आधार जोडलेले खाते. मक्तेदाराकडे सातबारा नाही. मग गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, म्हणजे खेडा खरेदीला, कापूस जातो. तिथे काटा त्याचा, कटती त्याची, रोख चुकारा हातावर. ढोबळ हिशेब मांडा. पाच एकर कोरडवाहू, एकरी चार क्विंटल, म्हणजे वीस क्विंटल. क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले तर वीस हजार गेले. वेचणीची मजुरी किलोला दहा रुपये धरली तरी वीस क्विंटलची मजुरी तेवढीच होते. म्हणजे हंगामभर वाकून ज्यांनी वेचणी केली त्या सगळ्या बायांच्या मजुरीएवढी रक्कम एका वजनकाट्यावर हातची जाते. गावात एक कोरडे, सुरक्षित गोदाम आणि कापसावर तारण कर्ज असते, तर हाच माणूस जानेवारीपर्यंत थांबू शकला असता. गोदाम बांधायला खासगी भांडवल येत नाही, कारण लहान शेतकऱ्याच्या वीस क्विंटलमध्ये त्याला नफा दिसत नाही.

एकेकाळी राज्याने यावर उत्तर दिले होते. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. तिच्यात उशिरा चुकारा, ग्रेडवरून भांडणे, तोटा, सगळे दोष होते, आणि सीमेपलीकडे चोरून कापूस नेणेही होते. २००२ च्या सुमारास ती सैल करून जवळपास संपवली. मात्र तिच्या जागी कोणतीही सार्वजनिक रचना उभी केली नाही. त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत बियाण्याचा सारा बाजार खासगी संकरित वाणांकडे गेला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पीकेव्ही हायब्रीड-२ सारख्या वाणांचा काळ मागे पडला. हलक्या जमिनीत, पावसाच्या पाण्यावर, लवकर येणारा आणि ज्याचे बी घरी राखता येईल असा सरळ वाण ही या मातीची गरज होती. अशा बियाण्यात कंपनीला दरवर्षी विकण्यासारखे काही नाही. म्हणून ते काम सार्वजनिक संशोधनाचे, आणि तिथेच पैसा आखडता घेतला गेला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीचे कवच फोडले तेव्हा या उणिवेची किंमत शेतकऱ्याने मोजली.

त्याच हंगामात, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०१७ या काळात, पऱ्हाटीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना यवतमाळच्या रुग्णालयात आणले गेले. बातम्यांत बहुतेक वेळा दोष फवारणाऱ्यांच्या निष्काळजीवर आला: हातमोजे नाहीत, तोंडाला फडके नाही. ही निष्काळजी नव्हती, ती गरिबी होती. रोजंदारीवर फवारणी करणारा भूमिहीन मजूर स्वतःच्या पैशाने कशाला संरक्षक कपडे आणेल? त्याला शिकवायला कृषिसहायक गावात किती वेळा येतो? विष चढलेल्या माणसाला तालुक्याच्या दवाखान्यातून चाळीस-पन्नास किलोमीटर पुढे पाठवावे लागले, तर मधला तास कुणाचा? आरोग्यकेंद्रातले डॉक्टर, प्रतिविषाचा साठा, रक्ततपासणीची सोय यांना अर्थसंकल्पात महसुली खर्च म्हणतात. घाटंजीसाठी तीच भांडवली गुंतवणूक आहे, कारण कमावता माणूस वाचला तरच घर कर्जाबाहेर राहते.

गुंतवणुकीतून काय होते याचा पुरावा आहे का? आहे, आणि तो आपल्या घराजवळचा आहे. १९९९ मध्ये शेंगेन फॅन, पीटर हेझेल आणि सुखदेव थोरात या तिघांनी भारतातल्या ग्रामीण सरकारी खर्चाचा अभ्यास केला. थोरात अमरावती जिल्ह्यातले. दर रुपयामागे गरिबी सर्वांत जास्त कमी करणारे खर्च म्हणून ग्रामीण रस्ते आणि शेती संशोधन पुढे आले. फॅन आणि हेझेल यांनी पुढच्या वर्षी दाखवले की ओलिताच्या पट्ट्यात आता आणखी पैसा ओतण्यापेक्षा अनेक कोरडवाहू भागांत तो घातला तर उत्पादनही जास्त वाढते आणि गरिबीही जास्त घटते. म्हणजे घाटंजीत पैसा घालणे ही दया ठरत नाही. जिथे आधीच खूप घातले आहे, त्यापेक्षा तो इथे जास्त फळतो.

मार्ग कसा असावा याचे एक उदाहरण याच जिल्ह्याच्या माणसाच्या कारकिर्दीतले आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ च्या दुष्काळात, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिचा पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून, आणि तेवढीच भर राज्याने घातली. मुंबईतल्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या पाझर तलावात, बांधबंदिस्तीत, रस्त्यात गेला. विषमता कमी करण्याची याहून सरळ वाट मला माहीत नाही. तो कर आजही पगारातून कापला जातो. त्याचे मूळ कारण फार थोड्यांना आठवते.

लहान कामांचे आणखी जवळचे उदाहरण घाटंजीतच आहे. इथल्या दिलासा संस्थेने फड पद्धतीचा आणि दोहांचा प्रयोग या भागात उभा केला. फड म्हणजे ओढ्यावर लहान बंधारा घालून, पाट काढून, उताराने शेतात पाणी नेणे. पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठी धुळे-नाशिककडे ही रीत जुनी. दोह म्हणजे नाल्याच्याच पात्रात ठरावीक अंतरावर लांबट, खोल खणलेले खड्डे. पावसाळा संपला तरी त्यात पाणी राहते, आणि काठचे शेतकरी लहान पंपाने बोंडे भरताना एखादे-दुसरे पाणी देतात. जमीन बुडत नाही, कुणी उठत नाही, विजेचा मोठा बोजा नाही. अशा पाण्याने माळ हिरवा होत नाही, पण पीक हातचे जात नाही, आणि पुष्कळदा चणा पेरता येतो. हे काम संस्थांनी दाखवून दिले. तालुकाभर पसरवण्याची ताकद मात्र शासनाकडेच आहे. राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेच्या काळात नाले खोल झाले, पण यंत्राचे तास मोजण्याच्या घाईत शास्त्र आणि देखभाल मागे पडली.

विहिरीची गोष्टही हेच शिकवते. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी धडक सिंचन विहिरींचा कार्यक्रम आला. अनुदान टप्प्याटप्प्याने मिळणार, म्हणून आधी स्वतःचा पैसा घालावा लागतो. काळा पाषाण लागला की खर्च दुप्पट. विहीर झाली की वीजजोडणीसाठी डिमांड भरून शेतकरी ‘पेड पेंडिंग’, म्हणजे पैसे भरूनही जोडणी न मिळालेल्यांच्या, यादीत बसतो. ज्याच्या गाठीला थोडे आहे त्याची विहीर पूर्ण होते; ज्याच्या नाही त्याचा अर्धा खड्डा आणि पूर्ण कर्ज उरते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळते. ज्याच्याकडे पंप आहे त्याला ही मदत पोहोचते. ज्याच्याकडे विहीरच नाही त्या कोरडवाहू शेतकऱ्याला तिचा उपयोग शून्य. सवलत आधीच्या मालमत्तेवर बसली की विषमता वाढवते.

परदेशातला एक अनुभव इथे कामाचा आहे. इटलीच्या मागास दक्षिणेसाठी १९५० मध्ये ‘कासा’ नावाचा मोठा सार्वजनिक निधी उभारला गेला. सुरुवातीला त्याने जमीन सुधारणा, पाणीपुरवठा, रस्ते यांवर भर दिला आणि त्याची फळे दिसली. पुढे मोठे पोलाद आणि रसायन कारखाने, आणि त्यांच्याभोवती राजकीय वाटप, यांत तो अडकला. १९८४ मध्ये तो गुंडाळला गेला तेव्हा उत्तर-दक्षिण दरी बरीचशी शिल्लक होती. सार्वजनिक पैसा वाया जातो असा निष्कर्ष यातून निघत नाही. स्थानिक गरजेचा, लहान आणि मोजता येणारा खर्च टिकतो, आणि वरून ठरवलेला दिखाऊ खर्च फसतो, हे त्यातून दिसते.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाते. राज्याने नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५५ हजार कोटींच्या वर खर्च करून जून २०२५ मध्ये पूर्ण केला. पवनारपासून पत्रादेवीपर्यंतच्या ८०२ किलोमीटरच्या नियोजित शक्तिपीठ महामार्गाचा अंदाज २०२५ मध्ये ८६ हजार कोटींचा होता, आणि हा महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातूनही जाणार आहे. लाडकी बहीण योजनेला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवले. महिना दीड हजार रुपये घाटंजीच्या बाईच्या हाती येणे ही छोटी गोष्ट नाही. त्या पैशावर तिचा हक्क आहे, तो कुणी काढून घेऊ नये. पण एवढी रक्कम उभी करणाऱ्या राज्याला कोरडवाहू तालुक्यांतल्या दोहांसाठी, गोदामांसाठी, पोडाच्या रस्त्यासाठी आणि आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरांसाठी पैसा नाही, हे पटत नाही. पोडावर अजून पावसाळ्यात रुग्णाला खाटेवर टाकून आणावे लागत असेल, तर महामार्गाची रुंदी ही त्या तालुक्याची प्रगती नव्हे. वरच्या एक टक्क्याकडे साठलेल्या संपत्तीवर वारसा कर किंवा संपत्ती कर लावण्याचा विचारही देशाने टाळू नये. वारसा कर १९८५ मध्ये आणि संपत्ती कर २०१५ मध्ये आपण रद्द केले, तेव्हापासून वरच्यांकडचा साठा वाढतच गेला आहे.

शेतकरी कुटुंबाची कमाई पाहिली की हा आग्रह का ते कळेल. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८-१९ च्या फेरीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरीचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. शेतकरी म्हणवणारे घर आता पिकापेक्षा मजुरीवर जास्त जगते. म्हणजे भाव आणि पाणी यांच्याइतकाच मजुरीचा, शाळेचा आणि कौशल्याचा प्रश्न आहे. अशा वेळी कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव सप्टेंबर २०२३ मध्ये मागवले गेले. वीसच्या आत पट असलेल्या शाळा बहुतेक तांड्यांवर, पोडांवर असतात. दोन-तीन किलोमीटर जंगलवाटेने, जिथे वाघाचा वावर आहे तिथून, सात वर्षांची मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेत जाईल का? ती शाळा सोडेल, आणि वेचणीला जाईल.

वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुनरुज्जीवित करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. मंडळे पुन्हा उभी राहतील तेव्हा त्यांनी जिल्हा सोडून तालुका हा घटक धरावा, आणि खर्च झालेल्या कोटींऐवजी पाणी मिळालेले एकर, डॉक्टर असलेले दिवस आणि दहावी झालेली मुले मोजावीत, अशी मागणी विदर्भातल्या सर्व पक्षांच्या आमदारांनी एकत्र करायला हवी.

तोवर हातात असलेले एक साधन वापरा. घाटंजी तालुक्यातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि २०१४ मध्ये राज्यपालांनी काढलेल्या अधिसूचनेपासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा अशा ग्रामपंचायतींना थेट मिळतो. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे असते. या गावांत राहणाऱ्या वाचकांना विनंती आहे: येत्या ग्रामसभेला जा, पोडावरच्या बायांनाही सोबत न्या, आणि या पाच टक्क्यांचा मागच्या तीन वर्षांचा हिशेब मागा.